त्यांची अंगठी घरी, तुमची पोत गळ्यात?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई भुसावळ परिसरातल्या आहेत. लग्नाला चार वर्षं झाली, घर एकत्र, केळीची शेती. मे अखेरीस त्या, त्यांचे यजमान आणि यजमानांच्या मित्रांची दोन जोडपी असे सहा जण कुलू-मनालीला निघाले आहेत. भुसावळहून रेल्वेने दिल्ली, तिथून रात्रीच्या बसने मनाली. ताईंच्या गळ्यात तीन तोळ्यांची, दोन वाट्यांची मंगळपोत असते. दोघांच्या बोटांत साखरपुड्याच्या अंगठ्या आहेत. यजमानांची पाच ग्रॅमची, ताईंच्या वडिलांनी जळगावच्या सराफ बाजारातून करून आणलेली. यजमान म्हणतात, "सोनं घेऊन कशाला फिरायचं? मी अंगठी कपाटात ठेवून जाणार, तूही सगळं काढून ठेव." सासूबाई म्हणतात, "गयातली पोत काढू नको वं माय, सवाशिनीचा उघडा गया बरा नही दिसत." यावर यजमानांनी सुचवलं, की आईसमोर घालून निघ, गाडीत काढून बॅगेत टाक, फोटोपुरती घाल. ताई लिहितात: "त्यांनी अंगठी काढली तर ते शहाणपण आणि मी पोत काढली तर अपशकुन, हे मला पटत नाही. पण खरं सांगू का, त्यांनी इतक्या सहज 'अंगठी ठेवून जातो' म्हटलं, ते मला जास्त लागलंय. मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रात चोरीबद्दल दोनच ओळी आहेत आणि अंगठीबद्दल दीड पान. म्हणून आधी अंगठीचं बोलते, सोन्याच्या सांभाळाचं नंतर.

सासूबाई पोतीवरून जे म्हणतात ते तुम्हाला जाचतं, आणि जाचणं स्वाभाविक आहे. गळ्यातली पोत म्हणजे मुलाचा संसार, ती काढली की काहीतरी वावगं होणार, असा त्यांचा हिशोब. पण यजमानांच्या अंगठीकडे तुम्ही जरा त्याच नजरेने पाहताय असं मला पत्र वाचताना वाटलं. अंगठी बोटातून निघाली म्हणजे त्यांच्या मनातून काहीतरी निघालं. तुम्ही तसं शब्दांत लिहिलेलं नाही, पण "इतक्या सहज" हे दोन शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिलेत. एकच वस्तू तुमच्या लेखी खूण आहे, त्यांच्या लेखी सांभाळायचं सोनं आहे. तुमच्या वडिलांनी हौसेने केलेली अंगठी हरवली तर सासऱ्यांना तोंड कसं दाखवायचं, ही धास्तीही त्या 'सहज'च्या मागे असू शकते. असेलच असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही अजून विचारलेलं दिसत नाही.

तर विचारा. "अंगठी घालाच" असं नको, "का काढता?" असंही नको, त्याने माणूस उलटतपासणीला उभा राहतो. "तुम्ही अंगठी ठेवून जातो म्हणालात, ते मला लागलं," एवढंच सांगा आणि थांबा. बाकीचं त्यांना बोलू द्या. हे बोलणं घरी, निघायच्या आधी झालं पाहिजे. मित्रांसमोर बसमध्ये निघालं तर सहल तिथेच नासेल.

आता तुमच्या दुसऱ्या बोलण्यावर येते, शहाणपण आणि अपशकुन. यात तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते मी मिळमिळीतपणे सांगणार नाही. पुरुषाच्या अंगावरची लग्नाची खूण ही त्याची मर्जी आणि बाईच्या अंगावरची ही घराची इज्जत, अशी वाटणी आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेली नाही, तरी सगळे पाळतात. तुम्हा दोघांपुरती ती मोडायला ही सहल चांगली संधी आहे. जो नियम ठरेल तो दोघांना सारखा ठरवा. धोका असेल तर दोघांच्या सोन्याला आहे. खूण हवी असेल तर दोघांच्या अंगावर असू दे. नियम कोणता, हे तुम्ही दोघं ठरवा. माझं मत विचाराल तर या सहलीला भारी सोनं नेऊ नका; अंगठ्या नाहीत आणि तीन तोळ्यांची पोतही नाही. कारण सांगते.

चोरी हे मोठं कारण आहेच. 2025 मध्ये सोन्याचा भाव 10 ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला. तुमच्या गळ्यात तीन लाखांहून जास्त किमतीचा ऐवज आहे. रेल्वेत खिडकीशी डोकं टेकवून झोपलेल्या बाईच्या गळ्याला, गाडी सिग्नलला हळू झाली की बाहेरून हात पडतो, हे आपल्या भुसावळ लाईनवर लहानपणापासून ऐकत आलोय. पण मनालीच्या बाबतीत अंगठीला चोरापेक्षा थंडी जास्त नडते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात असतो आणि त्या उकाड्यात बोटं फुगलेली असतात. अंगठी घट्ट बसते, निघता निघत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. तेच बोट बियास नदीच्या बर्फाळ पाण्यात किंवा मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यातल्या वाऱ्यात आकसतं. घरी साबण लावून निघणारी अंगठी तिथे आपोआप सरकते. राफ्टिंगमध्ये वल्हं धरलेल्या ओल्या हातातून ती गेली तर कळतही नाही. बर्फात खेळून आलात, हातमोजा बोटाच्या टोकाला धरून खस्सकन ओढलात, की मोज्याबरोबर अंगठी जाते. ती मोज्यात राहिली तर नशीब, बर्फात पडली तर शोधायची कुठे? उलटही होतं. रात्रभर बसमध्ये हात खाली लोंबत ठेवून झोपलं आणि वर उंचीवर गेलं की काहींची बोटं सुजतात, मग अंगठी रुतते. रोहतांग खिंड जवळजवळ चार हजार मीटरवर आहे. तिथे रुतलेली अंगठी कापायला सोनार मिळणार नाही.

आणखी एक सांगते, कारण पुरुष मंडळींना हे कुणी सांगत नाही. ट्रकच्या फळीवरून उडी मारताना, गेटवरून उतरताना, बोटीच्या कठड्याला धरून खाली येताना अंगठी कुठे तरी अडकली आणि अंगाचं सगळं वजन त्या एका बोटावर आलं, तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. डॉक्टर याला रिंग अव्हल्शन म्हणतात, आणि कधी कधी बोट वाचवता येत नाही. यंत्रावर काम करणाऱ्यांना अंगठी काढायला लावतात ती याचसाठी. राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, दोरीवरचे खेळ करणार असाल तर बोटात धातू नको, एवढं मी ठामपणे सांगेन. तुमच्या यजमानांचं म्हणणं या मुद्द्यावर बरोबर आहे, भले त्यांच्या मनात कारण दुसरं असो.

पण त्यांची दुसरी सूचना, आईसमोर घालून निघायचं आणि गाडीत काढून बॅगेत टाकायचं, ती मात्र मुळीच ऐकू नका. एक तर दागिने बहुतेक हरवतात ते काढ-घालीत. बेसिनच्या कडेला ठेवलेली अंगठी, टिशू पेपरात गुंडाळलेली पोत, जी सकाळी कचऱ्यात जाते. हॉटेलच्या उशीखाली, जीन्सच्या छोट्या खिशात, 'आत्ता ठेवते, नंतर नीट ठेवीन' म्हणून कुठेही. काढायचंच असेल तर ते घरी काढून कुलूपबंद करून निघावं, आणि जे घालून निघालात ते परत येईपर्यंत अंगावरच असावं. दुसरं म्हणजे, फोटोपुरतं घालण्यात तुमचा जीव रोज फोटोच्या वेळी अडकेल. मित्राच्या बायकोने स्टेटसला टाकलेल्या एखाद्या फोटोत गळा मोकळा दिसला की सासूबाईंना दुःख पोतीचं कमी आणि लपवल्याचं जास्त होईल. ते विसरायला त्यांना फार वेळ लागेल.

मग सासूबाईंना सांगायचं काय? मला वाटतं, तुम्ही त्यांना समजता त्यापेक्षा त्या जास्त ऐकून घेतील. त्यांचं म्हणणं गळा उघडा नसावा, एवढंच आहे. तीन तोळेच हवेत असं त्या म्हणालेल्या नाहीत, निदान तुमच्या पत्रात तरी नाही. आपल्याकडच्या बायका कापूस वेचायला, निंदायला जाताना तीन तोळे घालून कधी गेल्या? आमच्या आजीच्या गळ्यात शेतात जाताना दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांची पोत असे, मधे दोन सोन्याचे मणी, बस्स. भारी दागिना कानबाईच्या सणाला नाहीतर लग्नाला बाहेर निघायचा. तुमच्या सासूबाईंनीही शेतात तेच केलं असणार. त्यांना विचारा, "आई, तुम्ही शेतात जाताना गळ्यात काय घालत होत्या?" त्यांच्याच तोंडून उत्तर येऊ द्या. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी, एमआरआयच्या आधी नर्स सगळे दागिने उतरवून हातात देते, तेव्हा कुणी अपशकुन मानत नाही. पोत तुटली तर ती गाठवून येईपर्यंत दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घालायची रीत आपल्या आया-आज्यांनीच घालून दिली आहे. म्हणजे अडचणीला वाट काढायची सोय आपल्या रीतीत आहे, ती तुम्ही शोधून आणायची नाही.

तेव्हा काळ्या मण्यांची आखूड पोत गाठवून घ्या, सोनं हवं तर एक-दोन मण्यांपुरतं. तारेत नको, दोऱ्यात. कुणी ओढलीच तर दोरा तुटतो, मणी विखुरतात आणि मान वाचते. तारेतली पोत किंवा जाड साखळी ओढली गेली की मानेला कापल्यासारखं होतं, बाई फरफटतेही. याच कारणासाठी 'एक ग्रॅम'च्या ठसठशीत नकली मंगळसूत्राचा सल्ला मी देत नाही. पैसे वाचतात हे खरं, पण ओढणाऱ्याला ते नकली आहे हे कळायला आधी ओढावं लागतं. जे अंगावर असेल ते कुडत्याच्या आत, ओढणीखाली असू द्या आणि रेल्वेत खिडकीकडे डोकं करून झोपू नका.

तुमची मोठी पोत सासूबाईंच्या हातात देऊन जा. "आई, ही तुमच्याकडे ठेवा, आल्यावर तुमच्याच हाताने घाला," असं सांगा. त्यांची काळजी त्यांच्याच मुठीत राहील आणि त्यांना न विचारता काही केलं असंही होणार नाही. तुमच्या पत्रातून तुमचं त्यांच्याशी जमतं असं दिसलं म्हणून हे सुचवते. ज्या वाचक बहिणींच्या घरी असा विश्वास नाही, त्यांनी भिडेखातर हे करू नये. ते तुमचं स्त्रीधन आहे. माहेरी ठेवा किंवा स्वतःच्या नावच्या लॉकरमध्ये ठेवा. फक्त लॉकर म्हणजे विमा नव्हे, हे लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. घर बंद करून सगळेच जाणार असाल तर तरीही लॉकरच बरा.

ठेवण्याआधी दागिन्याचा स्वच्छ उजेडात फोटो काढा, बिलाचाही काढा. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कच्या शेजारी सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तुमच्या अंगठ्या चार वर्षांपूर्वीच्या, त्यांवर नसेलही. असला तर वहीत लिहून ठेवा, भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तो तपासता येतो. दुर्दैवाने काही गेलंच तर पोलिसात सांगताना 'साधारण तीन तोळे' यापेक्षा हे कागद कामाला येतात. आणि तक्रार जिथे लक्षात आलं तिथे द्यावी. "हे आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची सोय आहे. मदतीसाठी रेल्वेत असाल तर 139, इतरत्र 112 हा क्रमांक लावा.

तुम्ही ओघात एक शंका विचारलीत, की गळ्यात काही नसलं तर हॉटेलवाले काय समजतील. हॉटेलचा माणूस आधार कार्ड पाहतो, गळा पाहत नाही. आणि लग्न झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय खोली देऊ नये असा काही कायदा नाही. परमुलखात पोत दिसली की नजरा जरा सरळ राहतात, हा बऱ्याच जणींचा अनुभव मात्र मी खोटा म्हणणार नाही. असं वागावं लागतं याची मला चीड येते, पण ज्या बाईला त्याने सुरक्षित वाटतं तिने ते जरूर घालावं. काळी पोत त्यालाही पुरते.

जोडव्यांचं तुम्ही लिहिलं नाहीत, तेही सांगून टाकते. बर्फाकडे जाताना वाटेत कोट आणि रबरी गमबूट भाड्याने घ्यावे लागतात. ते ताठ असतात, मापात नसतात, आणि आत जोडवी बोटांत अशी रुततात की चार पावलांत लंगडायला होतं. थंडीत ती जागा निळी पडते. जोडवी घरीच काढा. काचेच्या बांगड्याही राफ्टिंगच्या दिवशी नकोत, वल्हं लागून फुटतात आणि मनगट कापतं.

आता राहिली खुणेची गोष्ट, कारण तुम्हाला बोटात काही असावं असं मनापासून वाटतंय आणि ते वाटणं मी मोडीत काढणार नाही. बाजारात सिलिकॉनच्या साध्या अंगठ्या मिळतात, खेळाडू वापरतात त्या. ताण आला की तुटतात, बोटाला इजा करत नाहीत, हरवली तर हळहळ नाही. दोघांसाठी जोडीने घ्या, एकसारख्या रंगाच्या. यजमानांना आवडल्या तर छान. नाही आवडल्या, त्यांना मुळात बोटात काही घालून फिरणं सोसतच नसेल, तर तेही ऐकून घ्या. ज्यांच्या बोटाला कायम काही टोचत राहतं अशी माणसं असतात, आणि बायकोवर त्यांचा जीव कमी असतो असं नाही. सहलीभर ते तुमची बॅग उचलतात का, चढावर तुम्हाला दम लागला तर थांबतात का, मित्रांच्या घोळक्यात तुमच्याकडे लक्ष ठेवतात का, हे पाहा. तिथे कमी वाटलं तर मग मला पुन्हा लिहा; तो विषय अंगठीहून मोठा असेल.

अशीच पत्रं थोड्या वयस्क वाचकांचीही येतात. एका काकांची अंगठी तीस-पस्तीस वर्षं बोटातून निघालेली नाही आणि मुलं म्हणतात, "काढा, मगच विमानात बसा." अशांनी जबरदस्ती करू नये. विमानाला ती काढावी लागत नाही, तपासणीच्या दारात यंत्र वाजलं तर हाताने तपासून सोडतात. काढायचीच असेल तर हात थोडा वेळ उंच धरून, गार पाणी आणि साबण लावून, गोल फिरवत काढावी. नाहीच निघाली तर राहू द्यावी. इतकी वर्षं रुजलेली अंगठी सहलीत पडायची शक्यता तशी कमीच. बोट सुजून निळं पडत असेल तर मात्र सहलीची वाट न पाहता सोनाराकडून कापून घ्यावी, जोडून परत मिळते. आणि जोडीदार गेल्यावर त्यांची अंगठी घालून एकटं फिरायला निघालेल्यांना मी 'घरी ठेवा' असं कधीच सांगणार नाही. ती हरवण्याची भीती आणि ती सोबत नसण्याची रुखरुख, यांतलं काय जास्त सोसेल हे त्यांचं त्यांनाच ठाऊक असतं. त्यांनी फक्त ती मापात आहे ना, ढिली झाली नाही ना, हे सोनाराकडून पाहून घ्यावं. वयाने काहींची बोटं बारीक होतात.

ताई, तुमच्याकडे मेच्या शेवटापर्यंत वेळ आहे, पण लग्नसराई आहे. पोत गाठवणाऱ्याकडे आत्ताच गर्दी असेल आणि तो "परवा या" म्हणेल. तेव्हा यजमानांशी आणि सासूबाईंशी या आठवड्यातच बोला, आणि बोलणं झालं की काळे मणी आणायला सासूबाईंनाच सोबत घेऊन जा.